बांधकाम कंपनीचे सक्तीचे परिसमापन

कर्ज फेडण्यास असमर्थ झालेल्या बांधकाम कंपनीचा कारभार न्यायालयाच्या वा न्यायाधिकरणाच्या आदेशाने बंद करून, तिची मालमत्ता विकून येणारी रक्कम धनकोंमध्ये कायद्याने ठरविलेल्या क्रमानुसार वाटण्याची व शेवटी कंपनीचे विसर्जन करण्याची प्रक्रिया. भागधारक स्वतःच ठराव करून कंपनी बंद करतात, तेव्हा त्यास ऐच्छिक परिसमापन म्हणतात. कंपनीच्या इच्छेविरुद्ध, बहुधा एखाद्या धनकोच्या अर्जावरून, आदेश निघतो तेव्हा ते परिसमापन सक्तीचे ठरते. ही प्रक्रिया सर्व कंपन्यांना सारखीच लागू असली, तरी लहान बांधकाम कंपनीच्या बाबतीत तिचे परिणाम विशेष तीव्र असतात. कापडाचा वा यंत्रांचा साठा विकून पैसा उभा करता येतो; अर्धवट इमारतीचे तसे नसते. काम थांबले, की तिचे मोल घटू लागते. शिवाय तिच्यात बँक, कामगार, सिमेंट व सळयांचे व्यापारी, जमीनमालक आणि आगाऊ रकमा भरून घराची वाट पाहणारी कुटुंबे अशा अनेकांचे हक्क गुंतलेले असतात. परिसमापनाने नवा पैसा निर्माण होत नाही. आहे त्या पैशाचे आणि पर्यायाने तुटीचे वाटप तेवढे होते. हे वाटप कोणत्या क्रमाने व्हावे, हाच या कायद्यातील मध्यवर्ती प्रश्न होय.

मूलतत्त्व : कंपनी ही तिच्या भागधारकांहून भिन्न अशी विधिमान्य व्यक्ती आहे आणि भागधारकाची जबाबदारी त्याने घेतलेल्या भागांच्या रकमेपुरती मर्यादित असते, या दोन तत्त्वांवर परिसमापनाचा कायदा उभा आहे. लहान कंपनीच्या बाबतीत हे तत्त्व कितपत लागू करावे, हा प्रश्न इंग्लंडमध्ये ‘सालोमन विरुद्ध सालोमन अँड कंपनी’ या खटल्यात उपस्थित झाला. ॲरन सालोमन या लंडनमधील पादत्राणांच्या उत्पादकाने १८९२ मध्ये आपला धंदा स्वतः स्थापन केलेल्या कंपनीस विकला. तो स्वतः, त्याची पत्नी व पाच मुले असे सातच भागधारक होते आणि जवळजवळ सर्व भाग त्याच्याच नावावर होते. किमतीपोटी त्याने कंपनीकडून तारणयुक्त कर्जरोखेही घेतले होते. पुढे कंपनीचे परिसमापन झाले, तेव्हा इतर धनकोंसाठी काहीच उरले नाही. कंपनी हे सालोमनचेच दुसरे नाव असल्याने त्याने ही कर्जे फेडावीत, असे खालच्या न्यायालयांनी ठरविले. परंतु १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निर्णय फिरवून कंपनी व सालोमन या दोन स्वतंत्र व्यक्ती आहेत, असा निर्वाळा दिला. आजच्या एका कुटुंबाच्या बांधकाम कंपनीसही हेच तत्त्व लागू पडते. दोन भाऊ मिळून चालवीत असलेली कंपनी बुडाली, तर सामान्यतः त्यांच्या घरादारावर कंपनीच्या धनकोंना हात टाकता येत नाही. या तत्त्वाला असलेले अपवाद पुढे दिले आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : इंग्लंडमध्ये १८४४ च्या अधिनियमाने केवळ नोंदणी करून कंपनी स्थापण्याची सोय झाली, कंपन्यांच्या नादारीसंबंधीचा स्वतंत्र कायदाही त्याच वर्षी संमत करण्यात आला. मर्यादित जबाबदारीचे तत्त्व १८५५ मध्ये मान्य झाले व १८६२ च्या कंपनी अधिनियमात या साऱ्या तरतुदी एकत्र आल्या. भारतात १८५० मध्ये कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा झाला आणि १८५७ मध्ये मर्यादित जबाबदारी स्वीकारण्यात आली. त्यानंतर १८६६, १८८२ व १९१३ या वर्षी सुधारित अधिनियम झाले. त्यांपैकी १९१३ च्या अधिनियमाने खाजगी कंपनीची संकल्पना आणली. लहान बांधकाम व्यावसायिकांनी पुढे हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर पसंत केला. स्वातंत्र्योत्तर काळात कंपनी अधिनियम, १९५६ आणि कंपनी अधिनियम, २०१३ हे सर्वंकष कायदे झाले. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ हिने कर्ज फेडण्यातील असमर्थतेमुळे होणारे परिसमापन कंपनी अधिनियमातून काढून आपल्या कक्षेत घेतले.

बांधकाम कंपनीचे अर्थकारण : लहान बांधकाम कंपनीचे स्वतःचे भांडवल प्रायः अल्प असते. जमिनीची खरेदी वा विकसनाचे हक्क, नकाशांची मंजुरी आणि जोत्यापर्यंतचे काम यांवर आरंभीचा पैसा खर्ची पडतो. त्यापुढील काम बँकेचे कर्ज, व्यापाऱ्यांची उधारी आणि सदनिका खरेदीदारांनी टप्प्याटप्प्याने भरलेले हप्ते यांवर चालते. म्हणजे खरेदीदार हा नुसता ग्राहक नसून वस्तुतः भांडवल पुरविणारा असतो. मात्र बँक तारण घेऊन पैसे देते, तर खरेदीदार भावी घराच्या आश्वासनावर देतो. परवानगीस विलंब, जमिनीच्या हक्काविषयी दावा, सिमेंट व पोलाद यांची भाववाढ किंवा विक्रीतील मंदी यांपैकी एखादे कारणही ही साखळी तोडण्यास पुरेसे होते. एका इमारतीच्या खरेदीदारांचे पैसे दुसऱ्या जमिनीच्या खरेदीत घालण्याची प्रथा ही या धंद्यातील सर्वांत धोक्याची बाब होय. असे केल्यास एका प्रकल्पातील अडचण सर्व प्रकल्पांत पसरते. काम थांबल्यावर उघड्या सळया गंजतात, साचलेल्या पावसाच्या पाण्याने सांगाड्याची हानी होते, परवानग्यांची मुदत संपते आणि पहाऱ्याचा व व्याजाचा खर्च मात्र चालूच राहतो.

१९५६ च्या अधिनियमाखालील पद्धती : या अधिनियमानुसार परिसमापनाचा अधिकार उच्च न्यायालयाकडे होता. ज्याचे रु. ५०० हून अधिक येणे आहे अशा धनकोने कंपनीस लेखी मागणी करावी आणि तीन आठवड्यांत ती पुरी झाली नाही, तर कंपनी कर्ज फेडण्यास असमर्थ आहे असे मानले जावे, अशी तरतूद होती. धनकोच्या अर्जावर न्यायालय कंपनीचे म्हणणे ऐकून घेई व योग्य वाटल्यास परिसमापनाचा आदेश देई. आदेशाचा अंमल अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून धरला जाई. त्या तारखेनंतर कंपनीने केलेली मालमत्तेची विल्हेवाट न्यायालयाने मान्य केल्याखेरीज निरर्थक ठरे. प्रत्येक उच्च न्यायालयाशी संलग्न असलेला शासकीय परिसमापक कंपनीची मालमत्ता व हिशेबाची पुस्तके ताब्यात घेई. धनकोस कंपनीविरुद्ध नवा दावा लावावयाचा वा जुना चालू ठेवावयाचा असल्यास न्यायालयाची अनुमती आवश्यक असे.

या पद्धतीत कालहरण फार होई. थकलेल्या बिलाच्या वसुलीसाठी दबाव आणण्याचे साधन म्हणूनही अनेकदा परिसमापनाच्या अर्जाचा वापर केला जाई. म्हणून कर्जाविषयी प्रामाणिक वाद असल्यास न्यायालये अर्ज फेटाळीत. सदनिका खरेदीदाराची स्थिती तर दुबळीच होती. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ अनुसार विक्रीच्या कराराने खरेदीदारास स्थावर मालमत्तेत मालकीहक्क मिळत नाही. त्यामुळे खरेदीखत झालेले नसलेल्या खरेदीदारास बहुधा बिनतारणी धनकोंच्या पंक्तीत बसावे लागे. शिवाय तोट्याचे करार न्यायालयाच्या अनुमतीने सोडून देण्याची मुभा परिसमापकास होती.

महाराष्ट्रातील संरक्षक कायदे : परिसमापनापूर्वीच खरेदीदारास काही संरक्षण मिळावे, या हेतूने महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबत अधिनियम, १९६३ संमत झाला. लेखी व नोंदणीकृत करार, आगाऊ रकमांसाठी बँकेत स्वतंत्र खाते आणि करार झाल्यावर खरेदीदाराच्या संमतीविना मालमत्ता गहाण न ठेवणे, ही बंधने त्याने विकासकावर घातली. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा केंद्रीय कायदा याच दिशेने पुढे गेला. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी आणि अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांनी प्रमाणित केलेल्या कामाच्या प्रमाणातच ती काढावी, असे त्यात सांगितले आहे. महाराष्ट्रात या अधिनियमाखाली स्थापन झालेले नियामक प्राधिकरण ‘महारेरा’ या नावाने ओळखले जाते. तथापि ५०० चौ. मी. पर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट देण्यात आली. साहजिकच अगदी लहान कंपन्यांचे खरेदीदार, म्हणजे ज्यांना अशा संरक्षणाची गरज अधिक तेच, नोंदणीच्या कक्षेबाहेर राहिले.

२०१६ च्या संहितेखालील पद्धती : या संहितेचे मुख्य सूत्र असे, की कंपनी थेट मोडीत न काढता आधी तिचे पुनरुज्जीवन होऊ शकते काय हे पहावे. अर्ज राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे करावा लागतो. मुंबईतील कंपन्यांची प्रकरणे त्याच्या मुंबई येथील पीठापुढे चालतात. अर्ज दाखल करून घेतला गेला, की कंपनीविरुद्धचे दावे, वसुली व जप्ती यांना स्थगिती मिळते. यास ऋणस्थगन म्हणतात. संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होऊन कारभार निराकरण व्यावसायिकाकडे जातो. वित्तीय धनकोंची समिती नेमण्यात येते आणि कंपनी चालविण्यास पुढे येणाऱ्यांच्या योजनांचा ती विचार करते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर योजनेच्या मंजुरीस ६६ टक्के मतांची आवश्यकता ठेवण्यात आली. मूळ १८० दिवसांची मुदत ९० दिवसांनी वाढविता येत असे. २०१९ च्या दुरुस्तीने न्यायालयीन कारवाईचा वेळ धरून एकूण ३३० दिवसांची मर्यादा घातली. मुदतीत योजना आली नाही, आलेली योजना फेटाळली गेली किंवा समितीनेच तसा निर्णय घेतला, तर परिसमापनाचा आदेश निघतो. परिसमापकाने धंदा चालू ठेवला असेल तेवढी मर्यादा सोडून, हा आदेश कंपनीचे अधिकारी, कर्मचारी व कामगार यांना सेवामुक्तीची सूचना मानला जातो.

कर्जफेडीतील असमर्थतेखेरीज अन्य कारणांनी, उदा., कपटाने कारभार चालविणे, पाठोपाठ पाच वर्षे वित्तीय विवरणे सादर न करणे किंवा समापन न्याय्य व उचित असणे, होणारे समापन २०१३ च्या कंपनी अधिनियमाखालीच राहिले.

अर्जदार : २०१६ मध्ये किमान थकबाकीची मर्यादा रु. १ लाख होती. २४ मार्च २०२० पासून ती रु. १ कोटी करण्यात आली. पुरवठादार, ठेकेदार इ. व्यावहारिक धनकोंनी आधी कंपनीस मागणीची सूचना द्यावयाची असते आणि दहा दिवसांत रक्कम मिळाली नाही वा आधीपासूनचा वाद दाखविण्यात आला नाही, तरच अर्ज करावयाचा असतो. वाढीव मर्यादेमुळे, ज्याचे रु. २० लाख थकले आहेत अशा सिमेंटच्या व्यापाऱ्यास हा मार्ग बंद झाला. त्यास दिवाणी दावा किंवा सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी असलेल्या २००६ च्या अधिनियमाखालील परिषद यांकडे वळावे लागते.

सदनिका खरेदीदारांना संहितेच्या मूळ मसुद्यात निश्चित स्थान नव्हते. ६ जून २०१८ च्या अध्यादेशाने, आणि नंतरच्या दुरुस्ती अधिनियमाने, त्यांनी भरलेली रक्कम कर्जाऊ घेतलेल्या रकमेसमान मानण्यात येऊन ते वित्तीय धनको ठरले. त्यामुळे त्यांना अर्ज करण्याचा व प्रतिनिधीमार्फत समितीत मत देण्याचा हक्क मिळाला. ‘पायोनियर अर्बन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०१९ रोजी ही दुरुस्ती वैध ठरविली. मात्र घराची गरज नसून केवळ नफ्यासाठी गुंतवणूक करणाऱ्याचा अर्ज विकासकास त्या कारणावरून रोखता येईल, असेही स्पष्ट केले. एकट्यादुकट्या खरेदीदाराने सबंध प्रकल्प वेठीस धरू नये, यासाठी २०२० च्या दुरुस्तीने एकाच प्रकल्पातील १०० किंवा १० टक्के, यांपैकी कमी असेल तेवढे, खरेदीदार एकत्र यावेत अशी अट घातली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये हीही दुरुस्ती उचलून धरली. चाळीस सदनिकांच्या सर्व खरेदीदारांपैकी चौघे एकत्र आल्यास ही अट पुरी होते.

परिसमापकाची कामे : परिसमापक सर्वप्रथम जाहीर सूचना देऊन धनकोंचे दावे मागवितो, २०१६ च्या मूळ तरतुदीनुसार ते परिसमापनाच्या आरंभापासून तीस दिवसांत सादर करावयाचे होते. करारनामे, पावत्या, बँकेच्या नोंदी व कंपनीची पुस्तके यांवरून तो दावे पडताळतो. लहान कंपनीत पुस्तके अपुरी असणे, रोख घेतलेल्या रकमांची पावती नसणे आणि एकच सदनिका दोघांना विकलेली आढळणे, या नेहमीच्या अडचणी होत. बांधकामाच्या जागेवर सेंटरिंगच्या फळ्या, परांचीचे साहित्य, काँक्रीट मिक्सर इ. वस्तू आढळतात, परंतु त्या पुष्कळदा भाड्याच्या किंवा ठेकेदाराच्या असल्याने मालकीची खातरजमा करावी लागते. त्यानंतर जमीन, अपुरे बांधकाम व येणी यांचे मूल्यांकन करून साधारणतः जाहीर लिलावाने विक्री केली जाते. कंपनी बुडविणाऱ्या प्रवर्तकांनी ती मालमत्ता स्वस्तात परत घेऊ नये, यासाठी अपात्रतेचे नियम आहेत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या प्रवर्तकांना २०१८ मध्ये त्यांतून काही अंशी सूट देण्यात आली, कारण लहान कंपनी घेण्यास अनेकदा प्रवर्तकांखेरीज कोणी पुढे येत नाही. सर्व मालमत्तेची विल्हेवाट लागल्यावर न्यायाधिकरण विसर्जनाचा आदेश देते व कंपनीचे अस्तित्व संपते.

वाटपाचा क्रम : २०१६ च्या संहितेने पुढील क्रम घालून दिला : (१) निराकरण व परिसमापन यांचा खर्च, (२) कामगारांची आदेशापूर्वीच्या २४ महिन्यांची देणी व ज्यांनी आपले तारण परिसमापनात सोडून दिले आहे असे प्रतिभूत धनको, हे दोघे समान पातळीवर, (३) इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची देणी, (४) बिनतारणी वित्तीय धनको, (५) शासनाची दोन वर्षांची देणी व तारण परस्पर विकूनही शिल्लक राहिलेले प्रतिभूत धनकोंचे येणे, (६) उरलेली सर्व देणी, (७) अग्रहक्क भागधारक, (८) सामान्य भागधारक. वरच्या वर्गाचे देणे पुरे फिटल्याखेरीज खालच्या वर्गास काही मिळत नाही. एकाच वर्गातील सर्वांना पुरेशी रक्कम नसल्यास ती त्यांच्यात येण्याच्या प्रमाणात वाटली जाते.

हा क्रम कसा लागू होतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका कंपनीची जमीन व अर्धवट इमारत मिळून रु. ४ कोटींस विकली गेली, असे समजू. प्रक्रियेचा खर्च रु. ३० लाख, तारण सोडून दिलेल्या बँकेचे येणे रु. २ कोटी ८० लाख, कामगारांचे रु. २० लाख व कर्मचाऱ्यांचे रु. १० लाख आहे. तीस खरेदीदारांनी प्रत्येकी रु. ८ लाख, म्हणजे एकूण रु. २ कोटी ४० लाख भरले आहेत व त्यांच्याकडे तारण नाही. पहिल्या तीन वर्गांची देणी भागविल्यावर रु. ६० लाख उरतात. खरेदीदारांना रुपयामागे २५ पैसे, म्हणजे प्रत्येकी रु. २ लाख मिळतात. शासन, व्यापारी व भागधारक यांना काहीच मिळत नाही. आता वर्षभराच्या विलंबामुळे तीच मालमत्ता रु. ३ कोटी ४० लाखांस विकली गेली, असे मानल्यास पहिल्या तीन वर्गांची देणी नेमकी फिटतात आणि खरेदीदारांच्या वाट्यास एक पैसाही येत नाही. विक्रीच्या किमतीत १५ टक्के घट झाली, तर बँकेचे काहीच बिघडत नाही. खरेदीदाराचा उरलासुरला हिस्सा मात्र संपूर्णपणे जातो. विलंबाचा भार कोणावर पडतो, हे यावरून ध्यानात येते.

सदनिका खरेदीदार : परिसमापनात सर्व खरेदीदारांची स्थिती सारखी नसते. खरेदीखत होऊन ताबा मिळालेल्याची सदनिका कंपनीची मालमत्ताच राहिलेली नसते. ताबा मिळाला, पण खरेदीखत झाले नाही, अशांच्या बाबतीत संदिग्धता होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये विनियमांत दुरुस्ती करून, खरेदीदारास ताबा दिलेली सदनिका परिसमापनाच्या मालमत्तेत धरू नये असे ठरविण्यात आले. नोंदणीकृत करार असून ताबा नसलेला खरेदीदार वित्तीय धनको म्हणून दावा करू शकतो. ज्याच्याकडे केवळ पावत्या वा आरक्षणाचे पत्र आहे, त्यास आपला दावा अन्य पुराव्याने सिद्ध करावा लागतो. आणि रोख दिलेल्या, कोठेही न नोंदलेल्या रकमेचा दावा जवळजवळ निष्फळ ठरतो. विलंब झालेल्या प्रकल्पात व्याजासह परतावा मागण्याचा हक्क स्थावर संपदा अधिनियमाने दिलेला आहे. परंतु नादारीची कार्यवाही सुरू झाल्यावर अशा आदेशाची वसुलीही ऋणस्थगनामुळे थांबते. दोन्ही कायद्यांत विरोध आल्यास नादारीची संहिता प्रभावी ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या उपर्युक्त निर्णयात म्हटले आहे.

कामगार व व्यापारी : कागदोपत्री कामगारांना दुसऱ्या वर्गातील मानाचे स्थान आहे, प्रत्यक्षात बांधकामावरील गवंडी, बिगारी, सळई बांधणारे व सुतार यांची नावे कंपनीच्या हजेरीपटावर क्वचितच असतात. त्यांना मुकादमाने वा पोटठेकेदाराने आणलेले असते. १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने, ठेकेदाराने मजुरी थकविल्यास ती देण्याची जबाबदारी मूळ नियोक्त्यावर टाकली. परंतु काम बंद पडताच मजूर दुसऱ्या गावी निघून जातात आणि दावा दाखल करण्याची मुदत त्यांच्या नकळत उलटून जाते. ठेकेदार व व्यापारी यांची गणना ‘उरलेल्या देण्यांत’ होत असल्याने त्यांच्या हाती प्रायः काही लागत नाही. अशा रीतीने एका लहान कंपनीचे परिसमापन दुसऱ्या लहान व्यावसायिकाच्या नादारीस कारण होऊ शकते.

पुनर्विकास प्रकल्प : मुंबईसारख्या शहरात जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याच्या प्रकल्पांत जमीन कंपनीच्या मालकीची नसते, तिच्याकडे केवळ विकसनाचे हक्क असतात. कंपनी बुडाल्यास घर सोडून भाड्याच्या जागेत गेलेल्या मूळ रहिवाशांचे भाडे थांबते व घरही अडकते. कंपनीशी झालेला करार संपुष्टात आणून दुसरा विकासक नेमावा, ही त्यांची स्वाभाविक इच्छा असते. परंतु ऋणस्थगन तिच्या आड येऊ शकते. गोरेगाव येथील सिद्धार्थनगर वसाहतीतील ६७२ रहिवाशांच्या पुनर्वसनाच्या प्रकल्पासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये असा निर्णय दिला, की नादार विकासकाच्या प्रत्यक्ष वहिवाटीत असलेली जमीन ऋणस्थगनाच्या काळात महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणास परत घेता येणार नाही. मालकी नव्हे, तर प्रत्यक्ष वहिवाट हा या निर्णयाचा आधार होता.

संचालकांची जबाबदारी : मर्यादित जबाबदारीचे कवच अभेद्य नाही. धनकोंना फसविण्याच्या उद्देशाने धंदा चालविला असल्यास संचालकांना स्वतःच्या मालमत्तेतून भरपाई करण्याचा आदेश देता येतो. एखाद्या धनकोस इतरांपेक्षा झुकते माप देऊन केलेले व्यवहार रद्द होऊ शकतात. त्यासाठी नातेवाईक वा संबंधित व्यक्तींच्या बाबतीत मागील दोन वर्षे व इतरांच्या बाबतीत एक वर्ष तपासण्याची तरतूद २०१६ च्या संहितेत आहे. लहान कंपनीच्या बाबतीत याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे व्यक्तिगत हमी. बँका बहुधा संचालकांची हमी घेतल्याखेरीज कर्ज देत नाहीत आणि कंपनीच्या कर्जाचे निराकरण झाल्याने हमीदार आपोआप मुक्त होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये स्पष्ट केले. परिणामी मर्यादित जबाबदारीचा लाभ सदनिका खरेदीदार व व्यापारी यांच्याविरुद्ध मिळतो, बँकेविरुद्ध मिळत नाही. ज्याला सौदा ठरविण्याचे सामर्थ्य आहे, तो हे कवच आधीच भेदून ठेवतो.

पर्याय व मूल्यमापन : अर्धवट इमारत विकण्यापेक्षा ती पुरी करणे सर्वांच्या हिताचे असते, हा अनुभव कायद्यातही उतरू लागला आहे. नोंदणी रद्द वा व्यपगत झालेल्या प्रकल्पाचे उर्वरित काम पुरे करण्याचा पहिला हक्क स्थावर संपदा अधिनियमाने खरेदीदारांच्या संघास दिला. २०२० मध्ये अपील न्यायाधिकरणाने, एका प्रकल्पातील नादारीची कार्यवाही त्या प्रकल्पापुरतीच सीमित ठेवावी व प्रवर्तकाने बाहेरून पैसा घालून तो पुरा करावा, अशी पद्धती एका प्रकरणात अवलंबिली. तथापि लहान प्रकल्पात या उपायांनाही मर्यादा पडतात. काम पुरे करण्यास नव्याने पैसे घालावे लागतात. आधीच घरभाडे व गृहकर्जाचा हप्ता भरणाऱ्या वीसतीस कुटुंबांना ते सहजसाध्य नसते आणि बाहेरच्या विकासकास एवढ्या लहान कामात पुरेसा नफा दिसत नाही. शिल्लक सदनिका किंवा न वापरलेले चटई क्षेत्र असेल, तरच बहुधा असा प्रयत्न यशस्वी होतो.

एकंदरीत, परिसमापनाच्या कायद्याने गेल्या काही दशकांत खरेदीदारास बिनतारणी धनकोंच्या गर्दीतून उचलून वित्तीय धनकोचे स्थान व मताचा अधिकार दिला आहे. परंतु प्रत्यक्ष वाटपात तो तारणधारक बँकेच्या मागेच उभा आहे. त्यामुळे त्याच्या पैशाचे खरे संरक्षण परिसमापनाच्या वेळी नव्हे, तर त्यापूर्वीच होऊ शकते : स्वतंत्र खात्यावरील देखरेख, कराराची वेळीच केलेली नोंदणी, गहाणाच्या नोंदींची पाहणी आणि काम रेंगाळू लागताच खरेदीदारांनी संघटित होणे, ही त्याची साधने होत. परिसमापनाचा आदेश निघेपर्यंत थांबल्यास कायदा उरलेल्या मालमत्तेचे न्याय्य वाटप करू शकतो. गेलेली मालमत्ता तो परत आणू शकत नाही.